नागपुरात बांधकाम काढताय? नव्या सुरक्षा संहितेनुसार नोंदणी कोणाला, कागदपत्रं कोणती

२१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार कामगार संहिता लागू झाल्या. बांधकामावाल्यांचा मुख्य संबंध त्यातल्या दोघींशी येतो: व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता २०२० आणि सामाजिक सुरक्षा संहिता २०२०. त्याआधी हा सगळा कारभार १९९६ चा इमारत व इतर बांधकाम कामगार कायदा, त्याच वर्षीचा उपकर (सेस) कायदा आणि महाराष्ट्राचे २००७ चे नियम यांवर चालायचा. जुने कायदे संहितेत विरघळले, पण त्यांच्याखालचे जे नियम संहितेच्या विरोधात जात नाहीत ते, नवे नियम त्यांची जागा घेईपर्यंत, चालूच राहतात. त्यामुळे "कायदा बदलला, आता जुनं काही लागत नाही" असं एखादा ठेकेदार छातीठोक सांगत असेल तर त्याच्या भरवशावर पाया खोदू नका.

ही माहिती बेसा, बेलतरोडी, हुडकेश्वर, वाडी, कामठी रोड अशा भागांत दोन-चार मजले उभे करणारे छोटे बिल्डर, लेबर ठेकेदार आणि स्वतःचं घर बांधणारे मालक यांच्यासाठी आहे. मोठ्या कंपन्यांकडे याला माणसं असतात.

दहाचा आकडा कसा मोजायचा

कायदा लागू व्हायला मागच्या बारा महिन्यांत दहा किंवा जास्त कामगार कामावर असावे लागतात. इथेच बहुतेकांचा हिशोब चुकतो. मालक म्हणतो, माझ्याकडे तर दोन मिस्त्री आणि चार रेजा. पण मोजणी साइटची होते, एका ठेकेदाराच्या माणसांची नाही. सेंट्रिंगवाले, लोखंड बांधणारे, प्लंबर, इलेक्ट्रिशियन, टाइल्सवाला आणि त्याचा हेल्पर, सगळे त्यात आले. आणि स्लॅबचा दिवस आठवा. मिक्सर आणि लिफ्ट घेऊन टोळी सकाळी उतरते, संध्याकाळी निघून जाते; त्या एका दिवसात साइटवर वीस-पंचवीस माणसं सहज असतात. जुन्या कायद्यात शब्दच "कोणत्याही दिवशी दहा" असे होते. त्यामुळे "आमच्याकडे दहा नव्हतेच" ही सबब स्लॅब पडलेल्या इमारतीबद्दल फारशी टिकत नाही.

स्वतःच्या राहण्यासाठी घर बांधणाऱ्याला सूट आहे आणि तिची मर्यादा चांगलीच वाढली आहे. पूर्वी एकूण खर्च १० लाखांपर्यंत असेल तरच सूट मिळायची. म्हणजे आजच्या भावात जवळपास कोणालाच नाही. संहितेत ही मर्यादा ५० लाख झाली. दीड हजार फुटांच्या प्लॉटवर तळमजला आणि वर एक मजला बांधणारं नोकरदार कुटुंब आता बहुधा या मर्यादेत बसतं. अट मात्र "स्वतःच्या राहण्यासाठी" अशी आहे. चार फ्लॅट काढून तीन विकायचे असतील तर खर्च ४० लाख असला तरी ही सूट मागता येणार नाही.

सूट म्हणजे मोकाट सुटका असंही नाही. निष्काळजीपणामुळे कोणी दगावलं तर भारतीय न्याय संहितेचं कलम १०६ लागतं, त्यात पाच वर्षांपर्यंत कैद आहे. बांधताना, पाडताना किंवा दुरुस्ती करताना केलेल्या हयगयीसाठी कलम २९० वेगळं आहे. ही दोन्ही कलमं खर्चाचा आकडा विचारत नाहीत.

नोंदणी आणि काम सुरू करण्याची सूचना

या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, लोक त्यांना एकच समजतात.

काम सुरू होण्याची सूचना आधी द्यायची असते. जुन्या कायद्याच्या कलम ४६ मध्ये काम सुरू होण्याच्या किमान ३० दिवस आधी ती निरीक्षकाकडे जायला हवी होती. संहितेच्या कलम ५ मध्येही सूचना दिल्याशिवाय काम सुरू करता येत नाही. ३० दिवसांचा हिशोब धरून चाला, म्हणजे अडचण येत नाही. सूचनेत साइटचा पत्ता, कामाचा प्रकार, सुरू आणि पूर्ण होण्याच्या अंदाजे तारखा, मालक आणि ठेकेदार यांची नावं-पत्ते, देखरेख करणाऱ्याचं नाव, कामगारांची अंदाजे संख्या आणि स्फोटक वा धोक्याचे पदार्थ वापरणार असाल तर त्यांच्या साठवणीची व्यवस्था लिहायची.

नोंदणी आस्थापनेची, म्हणजे जिथे काम चालतं त्या जागेची, असते आणि कायदा लागू झाल्यापासून ६० दिवसांच्या आत ऑनलाइन करायची. उशीर झाला तरी विलंब शुल्क भरून अर्ज घेतला जातो. अधिकाऱ्याने ठरलेल्या मुदतीत निर्णय दिला नाही तर नोंदणी झाली असं मानलं जातं, ही संहितेतली चांगली सोय आहे. जुन्या कायद्याखाली नोंदणी आधीच असेल तर ती वाया जात नाही, तिचा तपशील नव्या व्यवस्थेत कळवायचा. पुढे मालकी किंवा व्यवस्थापन बदललं तर ३० दिवसांत कळवायचं. काम संपल्यावरही ३० दिवसांत बंद झाल्याचं कळवून कामगारांची सगळी देणी चुकती केली असं प्रमाणित करायचं. हे शेवटचं काम जवळपास कोणीच करत नाही.

अर्जाला बसण्याआधी एका फोल्डरमध्ये एवढं गोळा करून ठेवा: मंजूर नकाशा आणि बांधकाम परवानगी (महापालिका, नागपूर सुधार प्रन्यास किंवा एनएमआरडीए म्हणजे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण, ज्यांच्या हद्दीत असाल त्यांची), मालकाचं किंवा फर्मचं पॅन, मालक वा भागीदाराचं आधार, भागीदारी असेल तर करारपत्र, ठेकेदाराला दिलेला कार्यादेश (वर्क ऑर्डर), अभियंत्याने सही केलेलं अंदाजपत्रक आणि प्रत्येक उपठेकेदाराकडे जास्तीत जास्त किती माणसं असतील त्याची यादी. कार्यादेश नसतो, तोंडी व्यवहार असतो, आणि अर्ज तिथेच अडतो. साध्या कागदावर का होईना, दर, मुदत आणि सुरक्षेची साधनं कोण देणार हे लिहून दोघांच्या सह्या घ्या.

खासगी कामांचा अर्ज राज्याच्या कामगार विभागाकडे करायचा. नागपुरात अपर कामगार आयुक्तांचं कार्यालय सिव्हिल लाइन्सला आहे. रेल्वेचं किंवा वेकोलिसारख्या (वेस्टर्न कोलफील्ड्स) केंद्राच्या कंपनीचं काम घेतलं असेल तर केंद्रीय कामगार आयुक्तांच्या यंत्रणेकडे जायचं. चुकीच्या दारात अर्ज टाकला की महिना जातो.

पन्नास किंवा जास्त कंत्राटी कामगार पुरवणाऱ्या ठेकेदाराला याशिवाय परवानाही लागतो. आणि छत्तीसगड, बालाघाट, शिवनीकडून आलेले दहा किंवा जास्त कामगार असतील तर आंतरराज्य स्थलांतरित कामगारांच्या तरतुदी लागू होतात. त्यात गावी जाण्या-येण्याचं भाडं देण्याचीही तरतूद आहे. कामगार स्वतःहून आला असला तरी व्याख्येत बसतो. फक्त मुकादमाने आणलेलाच स्थलांतरित, ही जुनी समजूत आता सोडा.

एक टक्का उपकर

बांधकाम खर्चाच्या १ टक्का उपकर द्यायचा असतो. जमिनीची किंमत यात धरत नाहीत. ७० लाखांचं बांधकाम असेल तर ७० हजार. नकाशा मंजुरीच्या मागणीपत्रात ही ओळ वेगळी दिसते, विकास शुल्कात मिसळून विसरू नका आणि पावती जपून ठेवा. संहितेत काम पूर्ण झाल्यावर ६० दिवसांत स्वतः हिशोब काढून उपकर भरायची तरतूद आहे. मंजुरीच्या वेळी भरलेली रक्कम त्यात वजा दाखवायची असेल तर पावतीशिवाय दाखवणार कशी? घर स्वतःचं आणि खर्च ५० लाखांच्या आत असूनही मागणीपत्रात उपकर लागला असेल, तर अंदाजपत्रक जोडून लेखी विचारा.

साइटवर काय बदललं

संख्येच्या मर्यादा खाली आल्या आहेत. सुरक्षा अधिकारी पूर्वी ५०० कामगारांवर लागायचा, आता २५० वर. उपाहारगृहाची मर्यादा २५० वरून १०० वर आली. पाळणाघर आधी ५० हून जास्त महिला कामगार असतील तर होतं. आता बाई-पुरुष मिळून ५० कामगार धरले जातात. छोट्या साइटला यातलं फारसं लागू होत नाही. लागू होतं ते वेगळंच: प्रत्येक कामगाराला नियुक्तिपत्र, दिवसाचे आठ तास, जादा कामाला दुप्पट दर आणि ठरलेल्या वयापुढच्यांची मोफत वार्षिक आरोग्य तपासणी. रात्रपाळीत महिलांना काम देता येतं, पण त्यांच्या संमतीने आणि सुरक्षेची व्यवस्था करूनच.

नियुक्तिपत्र म्हटलं की ठिय्यावरून (मजूर अड्ड्यावरून) उचललेल्या मजुराला ते कसं द्यायचं, असा प्रश्न येतो. नाव, काम, रोजी, सुरू झाल्याची तारीख, साइटचा पत्ता आणि सही किंवा अंगठा, एवढं अर्ध्या पानावर मावतं. पुस्तक छापून घ्या, खालची प्रत राहते.

सुरक्षेच्या बाबतीत नागपुरात मला दोन गोष्टी सगळ्यात जास्त खटकतात. पहिली खोदकाम. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात फुगते. कोरड्या दिवसात सरळसोट उभी दिसणारी बाजू एका पावसानंतर सरकते. दीड मीटरपेक्षा खोल खड्ड्यात माणूस उतरणार असेल तर बाजूंना आधार द्यायचा किंवा उतार काढायचा, उकरलेली माती काठावर रचायची नाही. शेजारच्याची कंपाउंड भिंत खड्ड्याला लागून असेल तर आधी तिला टेकू द्या. दुसरी गोष्ट ऊन. मे महिन्यात पारा ४५ च्या वर असताना दुपारी स्लॅबवर लोखंड बांधायला माणूस चढवणं हा नियमाच्या आधी अकलेचा प्रश्न आहे. काम पहाटे सुरू करा, दुपारी बंद ठेवा. पिण्याचं पाणी शौचालय, मुतारी आणि धुण्याच्या जागेपासून किमान ६ मीटर लांब हवं, असं १९९६ च्या कायद्यातच लिहिलेलं आहे. ड्रम कुठे ठेवलाय ते आजच बघून या.

हेल्मेट आयएस २९२५ आणि सुरक्षा पट्टा आयएस ३५२१ या मानकाचा घ्या. रस्त्यावर मिळणारं पातळ प्लास्टिकचं पिवळं टोपडं फोटोपुरतं ठीक आहे.

हजेरीची वही

माझ्या मते सगळ्या कागदांत महत्त्वाचा कागद हाच. बहुतेक साइटवर वहीत असं लिहिलेलं असतं: "मंगळवार, मिस्त्री २, रेजा ४, छत्तीसगडवाले ३." पैसे वाटायला तेवढं पुरतं. बाकी कशालाच नाही. या पानावरून दहाची संख्या सिद्ध होत नाही, कामगाराच्या स्वतःच्या नोंदणीसाठी लागणारे ९० दिवस कोणाचे भरले ते कळत नाही, आणि अपघात झाला तर पडलेला माणूस त्या दिवशी कामावर होता हेसुद्धा दाखवता येत नाही. पूर्ण नाव, गाव, कामाचा प्रकार, रोजी आणि सही, रोजच्या रोज. उपठेकेदाराची माणसंही याच वहीत.

कामगाराने स्वतःची नोंदणी कशी करायची

महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे होणारी नोंदणी कामगाराची स्वतःची असते, मालकाच्या नोंदणीशी तिचा गोंधळ करू नका. वय १८ ते ६० आणि मागच्या बारा महिन्यांत किमान ९० दिवस बांधकामावर काम, या दोन अटी. ते ९० दिवस एकाच ठेकेदाराकडे असण्याची गरज नाही.

लागतात ती कागदपत्रं: आधार, वयाचा आणि राहण्याचा पुरावा, ९० दिवस काम केल्याचं प्रमाणपत्र, बँक पासबुक, पासपोर्ट आकाराचे फोटो आणि आधारशी जोडलेला चालू मोबाइल. अर्ज मंडळाच्या संकेतस्थळावर भरायचा. हाताळता येत नसेल तर तालुका कामगार सुविधा केंद्रात जा. प्रमाणपत्र ठेकेदार किंवा मालक देतो. ठिय्यावरच्या मजुराला महापालिकेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या नेमलेल्या अधिकाऱ्याकडून घेता येतं. खोटी प्रमाणपत्रं इतकी निघाली की तपासणी कडक झाली आहे, म्हणून ठेकेदाराने सही करताना हजेरीच्या पानांची झेरॉक्स सोबत दिली तर बरं. मंडळाने नोंदणीचं शुल्क १ रुपयापर्यंत खाली आणलं होतं, तेव्हा "भांड्यांचा संच मिळवून देतो" म्हणत हजार-दोन हजार मागणाऱ्या एजंटला चहासुद्धा पाजू नका. नोंदणी वर्षाची असते. नूतनीकरणाला पुन्हा ९० दिवस दाखवावे लागतात. ते राहून गेलं की मुलांची शिष्यवृत्ती, बाळंतपणाची मदत सगळं अडकतं. कामावर असताना मृत्यू झाल्यास नोंदणीकृत कामगाराच्या वारसाला मंडळाकडून ५ लाखांची मदत आहे.

अपघात झाला तर

मृत्यू झाला किंवा कामगार ४८ तास किंवा जास्त काळ कामावर येऊ शकत नसेल तर सूचना देणं बंधनकारक आहे. आधी दवाखाना, मग पोलीस आणि कामगार विभाग, त्याच दिवशी. जागा तशीच ठेवा, फोटो काढा, त्या दिवसाचं हजेरीचं पान आणि नियुक्तिपत्राची प्रत बाजूला काढा. नुकसानभरपाई पगार आणि वय यांवर ठरते, त्यामुळे रोजी लिहिलेली नसेल तर वारसांना भांडत बसावं लागतं.

दंडाचं सांगायचं तर काम सुरू केल्याची सूचना न देण्याला जुन्या कायद्यात २ हजारांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद होती. संहितेत साध्या उल्लंघनालाही २ ते ३ लाख आहे. कर्तव्यात कसूर होऊन मृत्यू झाला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा किमान ५ लाख दंड किंवा दोन्ही, आणि त्या दंडातला किमान अर्धा भाग वारसांना द्यायचा आदेश न्यायालय देऊ शकतं. नकाशा मालकाच्या नावावर, मजूर ठेकेदाराचे आणि सेंट्रिंग तिसऱ्याचं असेल तर तिघेही एकमेकांकडे बोट दाखवतात. कार्यादेशात कोणाची जबाबदारी काय ते लिहिलेलं असेल तर कामगार विभागाकडे पहिल्या दिवशी तोच कागद पुढे करता येतो.