स्लाइड-आउट अडलंय की उपाशी आहे?

विहिरीवरचा पंप नुसता गुणगुणतो आणि पाणी चढत नाही, हा प्रसंग कोकणातल्या बहुतेक घरांना ठाऊक आहे. तेव्हा प्रश्न एकच असतो: व्होल्टेज कमी आहे, की पंपात काही अडकलंय? कॅरव्हॅनचं स्लाइड-आउट अर्ध्यावर थांबलं की नेमका हाच प्रश्न विचारायचा असतो. पण आपण तो न विचारता बटण दाबत राहतो.

गाडी उभी केल्यावर भिंतीचा एक भाग, खोक्यासारखा, पलंगासकट किंवा सोफ्यासकट मोटरने बाहेर सरकतो, ते स्लाइड-आउट. आपल्याकडे अशा गाड्या अजून थोड्याच आहेत आणि त्यांची सवय असलेला मेकॅनिक त्याहून कमी. म्हणून निदान मालकालाच जमायला हवं.

उपाशी, म्हणजे पुरेशी वीज न मिळणारी मोटर आणि अडलेली मोटर बाहेरून सारख्याच दिसतात. खोका हळू सरकतो, कण्हतो, थांबतो. आतले दिवे मंद होतात. दिवे मंद झाले म्हणजे बॅटरी गेली, असा निष्कर्ष लगेच काढला जातो आणि तिथेच चूक होते. अडलेली मोटर नेहमीपेक्षा कितीतरी जास्त करंट ओढते, त्यामुळे बॅटरी उत्तम असली तरी दिवे मंद होतात. दिव्यांवरून काहीच ठरत नाही.

ठरतं ते मीटरवरून. एकाने बटण धरायचं आणि दुसऱ्याने आधी बॅटरीवर, मग थेट मोटरच्या टोकांवर व्होल्टेज बघायचं. दोन-तीन सेकंद पुरेत. 12 व्होल्टची भरलेली लेड-ॲसिड बॅटरी विसावलेली असताना साधारण 12.6 दाखवते. बटण दाबताच ती स्वतःच 10 पर्यंत कोसळली तर एक तर बॅटरी कमकुवत आहे किंवा मोटर फार ओढते आहे. बॅटरीवर 12 च्या वर आणि मोटरवर 9, असं दिसलं तर वीज वाटेतच मरते आहे. मोटरपर्यंत 12 च्या आसपास पोचूनही खोका हलत नसेल, तर बहुधा तो खरोखर अडला आहे. शंका उरली तर करंट मोजावा: अडलेल्या मोटरचा तो भरमसाट, वाटेत अडवलेल्या मोटरचा कमी. मात्र वायरमनकडचा साधा क्लॅम्प मीटर बहुधा एसीच मोजतो. डीसी मोजणाराच हवा.

वाटेत वीज मरण्याचं कारण किनाऱ्यावर बहुतेक वेळा अर्थिंगचा सांधा असतो, म्हणजे करंट चासीमार्गे बॅटरीकडे परत जातो ती जोडणी. चासीला नटाने आवळलेला तो लग, म्हणजे वायरच्या टोकाची धातूची कडी, खाऱ्या हवेत आतून खराब होतो, वरून मात्र चांगला दिसतो. तिथे 0.1 ओहम एवढा रोध आला आणि 20 अँपिअर वाहत असतील, तर 2 व्होल्ट त्या एका सांध्यातच जातात. मला हे गुहागरला, सुरूच्या बनाशेजारी कळलं. एका गॅरेजने मोटर जळाल्याचं सांगितलं होतं. बॅटरीवर 12.4, मोटरवर 8.9. नट काढला तर खाली पांढरट-हिरवा थर. पॉलिश पेपरने धातू चकचकीत केला, पुन्हा आवळला, वरून पेट्रोलियम जेली लावली. मोटरवर 12.1 आले आणि तीच ‘जळालेली’ मोटर आजही चालते आहे. नवी घेतली असती तर तीही याच लगवर उपाशी राहिली असती, याचं मला फार वाटतं.

खरं अडणं बहुतेक वेळा डोळ्यांनीच सापडतं, म्हणून मीटर काढण्याआधी गाडीभोवती एक फेरी मारावी. पुळणीवर एक चाक खचलं की चासीला पीळ बसतो आणि चौकट तिरकी होते. जॅकखाली रुंद फळी हवीच. सुरूच्या काड्या छतावर साचून सीलखाली जातात. खोका ज्यावरून सरकतो त्या दात्यांच्या पट्टीला चिकट ग्रीस लावलं असेल तर त्यात वाळू बसते आणि पॉलिश पेपरसारखी दात खाते. तिथे सुकं वंगणच बरं.

काही गाड्यांत दोन्ही बाजूंना वेगळी मोटर असते, आणि तिथे हे दोन दोष एकमेकांत मिसळतात. एका मोटरचा सांधा गंजला की ती बाजू मागे पडते, खोका वाकडा होतो आणि मग खरोखरच जाम होतो. तेव्हा फक्त सरळ करून भागत नाही. टेपने दोन्ही बाजूंचं अंतर मोजा आणि मागे राहिलेल्या बाजूचा अर्थिंगचा सांधा आधी उघडा.

दोन्ही प्रकारांत बटण दाबून धरणं घातक आहे. थांबलेल्या मोटरची सगळी वीज उष्णता होऊन गुंडाळीतच राहते. खोका हाताने आत घ्यायची सोय बऱ्याच गाड्यांत असते. तिचा हँडल कुठे बसतो, हे घर सोडण्यापूर्वी एकदा वाकून बघा आणि फिरवूनही पाहा, कारण तो सांधाही याच हवेत गंजतो.