फंडाचा पैसा आणि कंपनीचा शिक्का

गिरणगावात प्रॉव्हिडंट फंडाला नुसतं 'फंड' म्हणत. मुलीचं लग्न, गावच्या घराची कौलं, सगळं त्या फंडावर बेतलेलं असे. नोव्हेंबर 1951 च्या अध्यादेशाने तो सक्तीचा झाला, 1952 मध्ये कायदा आला. सुरुवातीच्या सहा उद्योगांत कापडगिरण्या होत्या. पुढे 1971 मध्ये कुटुंब पेन्शन, 1976 मध्ये विमा आणि 16 नोव्हेंबर 1995 पासून आजची पेन्शन योजना सुरू झाली.

पैसा कामगाराचा, पण त्याच्यापर्यंत जायची वाट मालकाच्या दारातून. वर्षाच्या शिलकीची स्लिप कंपनीमार्फत यायची. पैसे काढायचा फॉर्म 19 भरला तरी त्यावर कंपनीचा सही-शिक्का हवा. नोकरी बदलली की नवा खाते नंबर, आणि जुनी रक्कम वळवायला फॉर्म 13. कंपनी बंद पडली असेल तर बँक मॅनेजर किंवा राजपत्रित अधिकाऱ्याची सही चाले. पण ओळखपाळख नसलेल्या माणसाने ती मिळवायची कशी?

क्लेम 20 दिवसांत निकाली काढावा, असं फंडाच्या योजनेतच लिहिलंय. पूर्वी ही मुदत 30 दिवसांची होती. सबळ कारणाशिवाय उशीर झाला तर 12 टक्के व्याज फंड कार्यालयाच्या आयुक्तांच्या पगारातून कापता येतं. इतकं कडक कलम असूनही माणसं खेटे घालत राहिली. कारण ही मुदत 'सर्व बाबतीत पूर्ण' असलेल्या क्लेमला लागू होते. स्पेलिंग चुकलं म्हणून फॉर्म परत आला, की दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजायचे. माझ्या मते सेवेच्या दर्जाचं खरं दुखणं इथेच आहे.

2014 मध्ये यूएएन (युनिव्हर्सल अकाउंट नंबर) आला. बारा आकडी एकच नंबर, नोकऱ्या कितीही बदला. 2015 च्या अखेरीस आधार जोडलेल्यांचा क्लेम फॉर्म कंपनीच्या सहीविना चालू लागला. मला हा सगळ्यात मोठा बदल वाटतो. ऑनलाइन पोर्टलपेक्षाही मोठा. 2020 मध्ये आजारपणासाठीच्या उचलीचे क्लेम संगणकच तपासून मंजूर करू लागला. आता इतर कारणांसाठीही ही सोय आहे, आणि मर्यादा 2025 मध्ये पाच लाखांवर गेली.

पेन्शनरांची वाट जास्त लांबली. मुंबईत निवृत्त होऊन सिंधुदुर्गात परतलेल्याचे पेन्शनचे कागद या कार्यालयातून त्या कार्यालयात फिरायचे. जानेवारी 2025 पासून केंद्रीय पद्धतीने देशातल्या कुठल्याही बँकेत पेन्शन जमा होते. हयातीचा दाखला 2014 पासून बोटाच्या ठशावर मिळू लागला, पण यंत्रावर घासून गुळगुळीत झालेली बोटं मशीनला ओळखू येईनात. 2021 मध्ये चेहऱ्यावरून ओळख पटवायची सोय झाली, तेव्हा कुठे घरबसल्या दाखला निघू लागला.

नावाचा घोळ मात्र शिल्लक आहे. आमच्या शेजारच्या काकूंचा क्लेम दोनदा परत आला: कंपनीच्या नोंदीत माहेरचं आडनाव, आधारवर सासरचं. जानेवारी 2025 पासून नाव, जन्मतारीख स्वतःच दुरुस्त करता येते, पण 1 ऑक्टोबर 2017 नंतर आधार पडताळून यूएएन मिळालेल्यांनाच. काकूंचा नंबर त्याआधीचा. त्या अजून जुन्या कंपनीच्या मंजुरीसाठी फोन लावतायत.