कालिस

फिलिपीन्समधील मिंदानाव बेट आणि सुलू द्वीपसमूह येथील मोरो लोकांची पारंपरिक दुधारी तलवार. तौसुग, मारानाव, मागिंदानाव, याकान इ. मुस्लिम समाजांत ती प्रचलित होती. कांपिलान ही लांब एकधारी तलवार आणि बारोंग हे पानाच्या आकाराचे रुंद शस्त्र यांच्याबरोबरच तिची गणना होते. कालिसचे पाते सरळ, नागमोडी किंवा मुठीकडे नागमोडी व टोकाकडे सरळ असते.

कालिसच्या उगमाविषयी मतभेद आहेत. जावा बेटावरील क्रिस या खंजिराशी तिचे नाते बहुतेक अभ्यासक मान्य करतात. मात्र हा प्रकार थेट जावातून आला की ब्रुनेई-सुलू व्यापारातून, हे निश्चित नाही. २७ एप्रिल १५२१ रोजी फिलिपीन्समधील माक्तान बेटावर पोर्तुगीज दर्यावर्दी मॅगेलन मारला गेला. त्याच्या सफरीचा इटालियन वृत्तांतकार पिगाफेत्ता याने मिंदानावमधील बुतुआनच्या राजाच्या कमरेला सोन्याच्या मुठीचा खंजीर असल्याचे लिहिले आहे; परंतु पात्याचा आकार त्याने दिलेला नसल्याने तो क्रिसचाच प्रकार होता असे म्हणता येत नाही. त्यापेक्षा शस्त्राच्या घडणीतला पुरावा अधिक भरवशाचा वाटतो. पात्याच्या बुडाशी ‘गांग्या’ नावाचा आडवा, दोन्ही बाजूंनी विषम तुकडा असतो. तो जावाच्या क्रिसप्रमाणे जुन्या कालिसांत वेगळा घडवून बसवलेला असून त्याचा सांधा साधारणतः सरळ दिसतो. पुढील काळात सांध्याचे एक टोक तिरके वळते, तर विसाव्या शतकातील अनेक नमुन्यांत पाते अखंड असून सांध्याच्या जागी नुसती रेघ कोरलेली असते. भोसकण्याच्या खंजिराची वार करण्याजोगी तलवार झाली, तेव्हा मुठीवरचा ताण वाढला. म्हणून पाते मुठीशी आवळून धरणाऱ्या ‘आसांग-आसांग’ या धातूच्या पट्ट्या आल्या असाव्यात.

लोहाराला ‘पांदाय’ म्हणतात. त्याच्या भात्यात दोन उभ्या पोकळ नळ्या असतात. पिसांनी घट्ट केलेले दट्ट्ये त्यांत आळीपाळीने खालीवर केल्याने भट्टीला अखंड वारा मिळतो. मध्य जावातील सुकुह येथील पंधराव्या शतकातील मंदिराच्या शिल्पपटावर असाच भाता कोरलेला आहे. त्यात शस्त्र घडविणारा भीम, मध्ये गणेश आणि भाता चालविणारा अर्जुन असल्याचे मानले जाते. काही पाती लोखंड व पोलादाचे थर पीळ देऊन जोडलेली असतात. आम्लाने धुतल्यावर त्यांवर वळसेदार नक्षी उमटते. मुठीचे टोक लाकूड किंवा हस्तिदंताचे असून पुष्कळदा काकाकुव्याच्या डोक्याच्या आकाराचे असते.

१९११ मध्ये अमेरिकी राज्यपाल जॉन पर्शिंग याने अमेरिकेच्या अमलाखालील मोरो प्रांतात निःशस्त्रीकरणाचा आदेश काढला. या काळात अनेक शस्त्रे अमेरिकी सैनिक व अधिकाऱ्यांमार्फत परदेशी संग्रहांत गेली. त्यांच्याबरोबर घडविणाऱ्याचे नाव किंवा गाव क्वचितच नोंदले गेले, त्यामुळे त्यांची कालनिश्चिती मुख्यत्वे गांग्या व मूठ यांच्या घडणीवरूनच केली जाते.