मायक्रोकॅप्सूल आणि मायक्रोस्फिअर: दोन औषधं भरायची तर फरक कुठे पडतो?

दोन्ही औषध किंवा दुसरा पदार्थ भरलेले गोल कण, दोन्ही डोळ्यांना जेमतेम दिसणारे किंवा न दिसणारे, आकार साधारण १ ते १००० मायक्रोमीटर. त्यामुळे ही नावं सर्रास एकमेकांच्या जागी वापरली जातात. पण दोन पदार्थ वेगवेगळ्या वेळी सोडायचे असले, की ही गल्लत महागात पडते.

मायक्रोकॅप्सूल म्हणजे करंजी: आत सारण, बाहेर पारी. मायक्रोस्फिअर म्हणजे तिळाची वडी: औषध पॉलिमरभर (प्लास्टिकसारख्या, लांब साखळीच्या रेणूंच्या पदार्थात) विखुरलेलं, वेगळी पारी नाहीच.

कॅप्सूलमधलं औषध भिंतीतून झिरपतं. आतलं द्रावण संपृक्त आहे तोवर वेग जवळपास स्थिर राहतो, आणि तो भिंतीची जाडी नि तिचा पॉलिमर ठरवतात. भिंत फुटली तर मात्र सगळा साठा एकदम बाहेर. कधीकधी हेच हवं असतं. नॅशनल कॅश रजिस्टर कंपनीने १९५०च्या दशकात आणलेल्या कार्बनविरहित कागदात पेनाच्या दाबाने कॅप्सूल फुटतात, म्हणून खालच्या प्रतीवर अक्षर उमटतं.

स्फिअरमध्ये पृष्ठभागालगतचं औषध आधी निघून जातं. आतल्याला लांबचा रस्ता, त्यामुळे वेग मंदावत जातो. औषधनिर्माणशास्त्रज्ञ हिगुची यांच्या १९६१च्या सूत्रानुसार बाहेर पडलेलं औषध वेळेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतं, म्हणजे दुप्पट औषधाला चौपट वेळ. पॉलिमर स्वतःच विरघळत असेल तर हे गणित बदलतं. प्रोस्टेट कर्करोगावरचं महिन्यातून एकदा द्यायचं ल्युप्रोलाइडचं इंजेक्शन अशाच विघटनशील स्फिअरचं. अमेरिकेत त्याला १९८९मध्ये मान्यता मिळाली.

आता दोन पदार्थ घ्या. एकाच स्फिअरमध्ये कोंबले तर दोघांचं वेळापत्रक एकमेकांत अडकतं. पाण्यात विरघळणारा आधी निघून जातो, मागे छिद्रं सोडतो, आणि त्या छिद्रांतून दुसऱ्याचाही वेग वाढतो. कॅप्सूलमध्ये एक गाभ्यात, दुसरा भिंतीत ठेवता येतो. भिंतीतला सहसा आधी सुटतो. क्रम हाताशी येतो, पण उलटा क्रम हवा असेल तर पदार्थांच्या जागाच बदलाव्या लागतात, आणि तेलात विरघळणाऱ्याला पाण्याच्या गाभ्यात नेणं सोपं नसतं.

माझ्या मते सर्वांत भरवशाचा मार्ग तिसराच: प्रत्येक पदार्थाला स्वतंत्र कण, आणि मग मिश्रण. आपल्याकडे औषधाच्या दुकानात मिळणारी पँटोप्राझोल (आम्लपित्तावरचं) आणि डोम्पेरिडोन (मळमळीवरचं) यांची एसआर, म्हणजे औषध सावकाश सोडणारी, कॅप्सूल पाहा. तिच्यातले दाणे मायक्रोकॅप्सूलपेक्षा मोठे असतात, पण युक्ती हीच. पँटोप्राझोलच्या दाण्यांवरचं आवरण जठरातल्या आम्लाला दाद देत नाही, आतड्यात विरघळतं. डोम्पेरिडोनचे दाणे औषध सावकाश सोडतात. दोन्हींचं प्रमाण स्वतंत्रपणे ठरवता येतं. फक्त दाण्यांचा आकार आणि घनता जुळवावी लागते, नाहीतर भरताना ते वेगळे होतात आणि प्रत्येक कॅप्सूलमध्ये मात्रा वेगळी पडते.

अशी कॅप्सूल उघडून दाणे चावू नयेत. आवरण फुटलं, की पँटोप्राझोल जठरातच नष्ट होतं आणि डोम्पेरिडोन एकदम सुटतं.