वेताचा एक आकडा की अख्खा कर्व्ह?

कोल्हापूरच्या गंगावेशीत कट्ट्यावर उभं राहून धारोष्ण दूध पिणारा, म्हैस कधी व्याली हे विचारत बसत नाही. पण ज्याच्या गोठ्यात ती आहे त्याला पक्कं ठाऊक असतं की चीक संपला की दूध चढतं, दीड-दोन महिन्यांत टॉपला जातं आणि मग उतरत उतरत म्हैस भाकड होते. हे जनावराचा जेनेटिक दर्जा काढायच्या मॉडेलमधे बसवायला स्टॅटिस्टिक्सवाल्यांना मात्र लई वर्षं लागली.

आधी हिशोब सरळ होता, एका वेताचं, म्हणजे एकदा व्याल्यानंतरचं, 305 दिवसांचं दूध म्हणजे एक आकडा. तीन वेतं झाली की तीन आकडे, आणि त्यावर रिपीटॅबिलिटी मॉडेल, म्हणजे एकच गुण परत परत मोजलाय असं धरणारं मॉडेल. त्यात जनावराचा जेनेटिक भाग वेगळा, आणि कायमचा चिकटलेला पर्यावरणाचा भाग वेगळा. म्हणजे वगार असताना एक सड बाद झाला तर तो दर वेताला बादच असतो, पण पोटच्या रेडीत काय तो उतरत नाही. आयडिया झकास, फक्त पहिल्या वेताचं आणि चौथ्या वेताचं दूध जेनेटिकली एकच गुण आहे असं गृहीत धरलेलं. असे जेनेटिक आणि बाकीचे भाग एकत्र सोडवणारी, हेंडरसन या पशुपैदास शास्त्रज्ञाची मिक्स्ड मॉडेलची समीकरणं 1950 च्या आसपासची, पण मोठ्या डेटावर ती चालायला कॉम्प्युटरची वाट बघावी लागली.

1967 मधे वुडने दुधाच्या कर्व्हला तीन पॅरामीटरचं सूत्र दिलं. मग वाटलं दर महिन्याची मोजणी हा वेगळाच गुण धरू. पण 10 मोजण्या म्हटल्या की एका मॅट्रिक्समधे 10 व्हेरिअन्स (प्रत्येक मोजणीतला चढउतार) आणि 45 कोव्हेरिअन्स (दोन-दोन मोजण्यांचा एकमेकींशी संबंध), एकूण 55, कुठून आणायचा एवढा डेटा?

यातून वाट निघाली रँडम रिग्रेशनची, म्हणजे दर जनावराला एका आकड्याऐवजी स्वतःचा कर्व्ह द्यायची. 1990 मधे कर्कपॅट्रिक आणि मंडळींनी कुठल्याही दोन वेळच्या मोजण्यांचा संबंध देणारं कोव्हेरिअन्स फंक्शन मांडलं, 1994 मधे शेफर आणि डेकर्स यांनी प्रत्येक गाईला स्वतःचा कर्व्ह दिला, 1999 ला कॅनडाने ते गाईंच्या अधिकृत जेनेटिक मूल्यमापनात घेतलं. कर्व्हला आकार देणाऱ्या लजांद्र पॉलिनॉमिअलचे (एक प्रकारच्या बहुपदीचे) तीन कोइफिशंट घेतले की 55 च्या जागी फक्त 6.

पण मग तीन घ्यायचे, चार की पाच? इथंच सगळे अडकतात. मॉडेल निवडायचे दोन निकष आहेत, एआयसी आणि बीआयसी. एआयसी दर पॅरामीटरला 2 चा दंड लावतो, बीआयसी सॅम्पलच्या आकाराच्या नॅचरल लॉगएवढा, म्हणजे 10,000 नोंदी धरल्या तर 9.2, त्यामुळं एआयसी मोठं मॉडेल उचलतो आणि बीआयसी आवरतं घेतो. आणि हो, फिक्स्ड भाग (सगळ्या जनावरांना सारखा लागू होणारा) वेगळा असलेल्या दोन मॉडेलची रेमल लाइकलीहूड (मॉडेल डेटाला किती बसतं याचं एक माप) शेजारी ठेवून बघू नका, ती तुलनाच होत नाही.

माझ्या एमएस्सीच्या प्रोजेक्टात एआयसीने पाच सुचवले. ग्राफ काढला तर वेताच्या शेवटी हेरिटॅबिलिटी, म्हणजे दुधातल्या फरकातला अनुवंशिक वाटा, एकदम आभाळाला भिडलेली! सर म्हणाले, म्हैस आटायला लागली की अचानक आईवर जाते काय रे? कारण साधं होतं, शेवटच्या महिन्यांत बऱ्याच म्हशी आधीच आटलेल्या, नोंदी तुटपुंज्या आणि पॉलिनॉमिअल टोकाला उसळ्या मारतो. म्हणून पुढं स्प्लाइन (छोटे तुकडे जोडून केलेले कर्व्ह) आले, 2005 मधे कॅरिन मेयरने मांसाच्या गुरांच्या वजनांवर बी-स्प्लाइन वापरून दाखवले. मी मात्र तीनवरच थांबलो आणि रिपोर्टमधे एआयसीचा कॉलम तसाच ठेवला.