वास गेला म्हणजे जंतू मेले?

भांडेवाडीसारख्या सांडपाणी प्रकल्पातल्या गाळाबद्दल एक समज वर्षानुवर्षे पक्का आहे: नागपूरचं ४५ अंशांचं ऊन लागलं, गाळ वाळला, वास गेला, की ते निर्धोक खत.

वास जातो तो सेंद्रिय पदार्थ कुजून स्थिर झाल्यामुळे किंवा ओल आटल्यामुळे. जंतू मेले की नाही, ते त्यातून कळत नाही. ऊन वरचा थर तापवतं, ढेकळाच्या पोटात तेवढी उष्णता पोचतेच असं नाही. आणि पोटातल्या जंतांची अंडी! त्यांचं कवच इतकं चिवट की क्लोरीनलाही ती फारशी जुमानत नाहीत. ओलसर मातीत वर्षानुवर्षं टिकतात.

म्हणून निर्जंतुकीकरणाची नवी पद्धत कुणी आणली, की पहिला प्रश्न अंड्यांचा विचारावा. नुसते जिवाणू घटल्याचा अहवाल मला अर्धवट वाटतो. अमेरिकेच्या १९९३ च्या नियमांत सर्वांत सुरक्षित वर्गासाठी ४ ग्रॅम कोरड्या गाळात एकापेक्षा कमी जिवंत अंडं, ही अट आहे. चुन्याच्या एका पद्धतीत सामू (pH) ७२ तास १२ च्या वर ठेवायचा, त्यातले १२ तास तापमान ५२ अंशांवर, मग वाळवणं. अहमदाबादेत कोबाल्ट-६० या किरणोत्सारी पदार्थाचे गॅमा किरण वापरतात. त्याने गाळ किरणोत्सारी होतो, ही भीतीही निराधार.

मात्र निर्जंतुक गाळ पुन्हा ओला होऊन दूषित झाला तर साल्मोनेला हा रोगकारक जिवाणू परत वाढू शकतो. त्यामुळे नमुना गाळ शेतकऱ्याला देण्याच्या वेळचा हवा, यंत्रातून निघतानाचा नव्हे. शिसं, कॅडमियम या जड धातूंची तपासणी वेगळीच. त्यांना ना ऊन घालवतं, ना किरण.