श्वसन शुश्रूषा आराखडा

वृद्धाश्रमातील ज्या रहिवाशाला प्राणवायू, नेब्युलायझर (औषधाचे बारीक तुषार करून देणारे यंत्र), इन्हेलर किंवा बायपॅप (मास्कमधून दाबाने हवा देऊन श्वासाला मदत करणारे यंत्र) लागतो, त्याच्यासाठी काय, किती, केव्हा आणि कोणी करायचे याची लेखी नोंद. बोलताना सगळे 'केअर प्लॅन' किंवा नुसते 'फाइल' म्हणतात. अमेरिकेतील संघीय नियमांनुसार वृद्ध शुश्रूषागृहात दाखल झाल्यापासून ४८ तासांत प्राथमिक आराखडा आणि सविस्तर मूल्यमापनानंतर ७ दिवसांत पूर्ण आराखडा करावा लागतो. पुढच्या प्रत्येक मूल्यमापनानंतर, तिमाहीसुद्धा, तो पुन्हा तपासतात. श्वासाच्या रुग्णासाठी तीन महिने ही फार लांबची मुदत आहे. त्याची तब्येत एका रात्रीत पालटते.

नेहमीची चूक अशी: उशाशी लावलेला कागद मिनिटाला दोन लिटर प्राणवायू सांगतो, फ्लोमीटरमधली (प्रवाह मोजणाऱ्या नळीतली) गोळी मात्र चारवर असते. आठवड्यापूर्वी रात्री धाप वाढली, डॉक्टरांनी फोनवर प्रवाह वाढवायला सांगितला, सिस्टरने वाढवला आणि लिहायचे राहून गेले. प्राणवायू हे औषध आहे, त्याला मात्रा असते. सीओपीडीच्या (श्वासनलिका अरुंद होत जाणाऱ्या फुप्फुसांच्या जुनाट आजाराच्या) ज्या रुग्णांत कार्बन डायऑक्साइड साठण्याचा धोका असतो, त्यांचे सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातले प्राणवायूचे प्रमाण, ८८ ते ९२ टक्के ठेवतात. इतर बहुतेकांचे ९४ ते ९८. पहिल्या गटात मात्रा जास्त झाली की सकाळी डोके दुखते, गुंगी येते. 'आजी आज शांत झोपल्यात' असे म्हणून ती गुंगी नजरेआड होते, म्हणून लक्ष्याचा आकडा ठळक अक्षरांत हवा.

कोकणात आराखड्याला ऋतूही लागतो. उन्हाळ्यात भाजावळीचा, म्हणजे पेरणीआधी शेतजमीन भाजण्याचा, धूर. पावसाळ्यात भिंतींना ओल, बुरशी आणि न वाळलेले नेब्युलायझरचे मास्क. कॉन्सन्ट्रेटर (हवेतून प्राणवायू वेगळा करून देणारे यंत्र) विजेवर चालतो. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले, तेव्हा श्रीवर्धनपासून दापोलीपर्यंत कित्येक गावे अनेक दिवस अंधारात होती. म्हणून सिलिंडरचा हिशेब फाइलमध्येच मांडावा: बी प्रकारच्या भरलेल्या सिलिंडरमध्ये साधारण १५०० लिटर वायू असतो, मिनिटाला २ लिटरने तो बारा तास पुरतो, ४ लिटरने सहा. प्रवाह बदलला आणि हिशेब जुनाच राहिला, तर वादळाच्या रात्री सिलिंडर मध्यरात्रीच रिकामा होईल. सिलिंडरची चावी कुठे टांगली आहे तेही लिहावे. खाऱ्या हवेने झडप घट्ट बसते, ती आधी फिरवून पाहावी.

बदल झाला की त्याच पाळीत जुनी ओळ खोडून तारीख, वेळ व सही घालतात आणि उशाचा कागदही बदलतात. स्टिरॉइड इन्हेलरनंतर चूळ भरणे, फिल्टर धुणे या नोंदी छोट्या, पण त्याच पानावर असाव्यात. रात्री बायपॅप नको असे रहिवासी म्हणाला, तर तेही त्याच्याच शब्दांत. दम वाढल्याचे पहिल्यांदा कळते ते आंघोळ घालणाऱ्या मावशींना. त्यांना लिहायला सवड नसते. त्यांचे वाक्य सिस्टरने जसेच्या तसे उतरवावे: 'न्हाणीपासून खाटेपर्यंत येताना आज दोनदा बसल्या.'